दोन नंबरची वाफ

मीटिंगच्या खोलीत आठ फूट लांब कागद भिंतीला चिकटवून त्यावर मी अख्खा कारखाना काढला होता. लाकडाचं आवार, लगदाघर, बॉयलर, एक नंबरचं मशीन, दोन नंबरचं मशीन, कटाई, गोदाम, गेट. एकेचाळीस चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. आमचा कारखाना कागदाचा. इथली यंत्रं वेगवेगळ्या काळात आली, वेगवेगळ्या देशांतून आली, आणि एका आवारात राहूनही एकमेकांशी कधी बोलली नाहीत. त्यांना एका सॉफ्टवेअरच्या छपराखाली आणायचं, कोण कुणाशी काय बोलेल आणि कोण कुणाचं ऐकेल ते आधी कागदावर ठरवायचं, हे माझं काम. याला आर्किटेक्चर म्हणतात. आई म्हणते, "म्हणजे सोयरिकी जुळवतेस. पगार बरा देतात गं त्याचा!"

त्या सोमवारी सोयरीक मोडायच्या बेताला आली होती. संगणकावर आम्ही सगळा कारखाना महिनाभर खोटाखोटा चालवून पाहिला, आणि त्या महिन्याभरात दोन नंबरचा कागद एकोणीस वेळा फाटला. खऱ्या मशीनवरही तो साधारण तितकाच फाटतो.

मोठ्या ऑफिसातून आलेल्या साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नव्या सुरात जुनंच रडगाणं असेल तर उपयोग काय? दोन नंबर म्हातारं झालंय. आराखड्यातून काढा."

"सर, एक प्रत्यक्ष चाचणी घेऊ," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"गुरुवारी. सकाळची पाळी, चार रिळं. एक जरी फाटलं तरी दोन नंबर भंगारात. एक नंबर भागवेल सगळं."

चीफनं, म्हणजे आमच्या मुख्य इंजिनियरनं, कानामागची पेन्सिल काढून परत कानामागे ठेवली. त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं, दोन नंबरवर एकतीस वर्षं कोण उभं होतं. माझे बाबा. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. मशीन अजून चालतंय, आणि त्याच्या जोरावर मला वाटत राहतं की त्यांची पाळी अजून सुटायची आहे.

मी आराखड्याची छोटी प्रत गुंडाळून घरी आणली आणि जेवणाच्या टेबलावर पसरली. आई समोर लसूण सोलत होती. पंच्याहत्तरीची आहे, गुडघे बोलतात, पण डोळे अजून सुईत दोरा ओवतात. सालींचा ढीग तिनं माझ्या गोदामावर केला होता.

"आई, सालं."

"गोदामच आहे ना? ठेवू दे माल." ती वाकून बघायला लागली. "हे काय, लगदाघर? आणि ही रेघ बॉयलरकडं?"

"हो. लगदाघराला वाफ हवी असली की ते बॉयलरला सांगणार. मशीनला हवी असली की मशीन सांगणार."

"कुणामार्फत?"

"कुणामार्फत म्हणजे? थेट."

लसणाची पाकळी तिच्या बोटांत तशीच राहिली. "मधे कोण बसतं?"

"कुणी नाही गं. तीच तर गंमत आहे. आता मधे कुणी बसायची गरज नाही."

"बरं," आई म्हणाली. तिनं सालं गोळा केली आणि आत निघून गेली. माझ्या आईचं 'बरं' दोन प्रकारचं असतं. एकात होकार असतो. दुसऱ्यात दार लावून घेतल्याचा आवाज असतो. हे दुसरं होतं.

आई बावीस वर्षं त्या कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर होती.

गेटशेजारी एक अरुंद खोली, खिडकीला हिरवी जाळी, आणि भिंतीला टेकलेलं ते लाकडी कपाट, ज्याच्या छातीवर ओळीनं भोकं होती. प्रत्येक भोक म्हणजे एक खातं. समोर दोऱ्यांची रांग, टोकाला पितळी खिळा. कुणी फोन उचलला की त्याच्या भोकावर छोटी पापणी फटकन पडायची, आई खिळा खुपसायची आणि म्हणायची, "बोला, कुठं जोडू?" शाळा सुटल्यावर मी त्या टेबलाखाली बसून गृहपाठ करायची. वरून दोऱ्या लोंबायच्या, मधूनच एखादी वर जायची, एखादी खाली यायची, आणि मला वाटायचं मी वडाच्या पारंब्यांत बसले आहे. तापलेल्या पितळेचा वास, गरम धुळीचा वास, आईच्या पायांतल्या चपलेचा सैल झालेला अंगठा. तिच्या केसांत हेडफोनची पट्टी रुतून एक भांग पडला होता, आडवा. रविवारीसुद्धा तो बुजायचा नाही. बाबा म्हणायचे, "देवानं उभा दिला, कारखान्यानं आडवा दिला."

मी घरी बुटांच्या नाड्या घेऊन खुर्चीच्या जाळीत खुपसायची आणि बाहुल्यांना विचारायची, "बोला, कुठं जोडू?" मोठेपणी मी काय होणार हे तेव्हाच ठरलं होतं, फक्त त्याला इंग्रजी नाव मिळायचं होतं.

मी नववीत असताना बोर्ड गेला. प्रत्येक खात्यात डायलचे फोन आले, ज्याला त्याला थेट लावता यायला लागला. आईला गेटवर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहायला. तिथं ती दोन वर्षं बसली आणि मुदतीआधी निवृत्त झाली. घरात तो विषय निघाला की ती ताट उचलायची. आम्हीही मग काढला नाही.

मंगळवारी मी बॉयलरवर गेले. तिथं शिट्टीकाका आहेत. पोरवयात लागले, आता शेवटचं वर्ष चालू आहे. ते बोलतात कमी आणि शिट्टी वाजवतात जास्त, म्हणून शिट्टीकाका. दाबाच्या तबकडीकडं बघत उभे होते.

"काका, दोन नंबरचा कागद कधीपासून फाटतो?"

शिट्टी थांबली. "म्हातारं झाल्यापासून, असं वरचे म्हणतात."

"आणि तुम्ही?"

"मी काय म्हणणार? मी वाफ देतो." जरा वेळ शिट्टी. मग म्हणाले, "बाई बोर्डावर होत्या तोवर फाटत नव्हता. म्हणजे फाटायचा, पण सणासुदीला पाहुणा यावा तसा. बोर्ड गेला आणि हा घरजावई होऊन बसला."

"फोनचा आणि कागदाचा काय संबंध?"

"ते तुझ्या आईला विचार. मला एवढंच ठाऊक, की बाईंच्या काळात दोन फोन कधी एकदम आले नाहीत. आता येतात. एका कानात लगदाघर, दुसऱ्या कानात मशीन. मी काय, आधी ओरडेल त्याला देतो."

गोष्ट इतकी साधी होती, की एकेचाळीस चौकोनांत ती कुठंच नव्हती.

कागद अखंड धावत असतो. दर चाळीस मिनिटांनी रीळ भरतं, ते काढून मोकळ्या नळीवर कागद पकडवायचा असतो. तो मिनिटभराचा खेळ. त्या मिनिटात कागदावर ताण सगळ्यात जास्त, आणि तो कोरडा असेल तरच सोसतो. कोरडा करतात ते वाफेचे पोकळ रूळ. आता लगदाघराचं बघा. तिथं लाकडाचे तुकडे शिजवायचं तीन मजली भांडं आहे. ते भरलं की एकदम घोटभर नाही, विहीरभर वाफ पितं. त्यानं नेमकं त्याच मिनिटात तोंड लावलं तर दाब बसतो, रूळ निवतात, कागद ओलसर राहतो आणि फाटतो. दोन नंबर वाफेच्या नळीच्या शेवटाला, म्हणून फटका त्यालाच जास्त. माझ्या आराखड्यात दोघांनाही बॉयलरपर्यंत सरळ रस्ता होता. मी मोठ्या अभिमानानं सरळ ठेवला होता.

संध्याकाळी मी आईसमोर बसले. आराखडा आणला नाही, नुसती बसले.

"आई, लगदाघराला तू थांबवायचीस ना?"

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. एक घडी घातली, मोडली, परत घातली.

"कोण म्हणालं? शिट्टी?"

"ते म्हणाले तुला विचार."

"वाफ देतो तेवढी पुरे की. तोंड कशाला उघडायचं!" मग तिनं घडी बाजूला ठेवली. "थांबवायची. रीळ बदलायच्या आधी मशीनवरून बॉयलरला फोन जायचा, माझ्याच हातून. तेवढ्यात लगदाघराची पापणी पडली, की मी सांगायची, लाइन बिझी आहे."

"आणि नसायची?"

"नसायची." तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. "बावीस वर्षं खोटं बोलले मी. दिवसातून पाच-सहा वेळा. कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्याच वर्षी लक्षात आलं, दोन फोन पाठोपाठ जोडले की दोन मिनिटांत मशीनवरून शिव्या ऐकू येतात. मला काय कळतंय वाफेतलं? पण शिव्या कळतात ना."

"मग सांगितलं का नाहीस कुणाला?"

"कुणाला सांगू? बोर्डवाल्या बाईनं फोन जोडायचा, कारखाना चालवायचा नाही." आई हसली, पण ते हसू ओठांवरच फिरून गेलं. "एकदा लगदाघराचे मुकादम तणतणत आले खोलीत. मी नुकतंच बिझी म्हणून सांगितलेलं, आणि बॉयलरचं भोक त्यांच्या डोळ्यांदेखत रिकामं. म्हणाले, 'नवऱ्याच्या मशीनला वाफ, आणि आम्हाला बिझी होय?' सगळ्यांसमोर. गेटवरचे, ड्रायव्हर, सगळे. मग लेखी ताकीद आली. आणि तीन महिन्यांत बोर्ड गेला. लोक म्हणाले नवी पद्धत आली. मला ठाऊक होतं कशानं आली."

"बाबांना?"

"त्यांना वाटायचं, त्यांचं मशीन गुणी आहे. वाटू दिलं." ती पुन्हा घड्यांकडं वळली. "सांगितलं असतं तर ते मुकादमाला भिडले असते. आणि लोक म्हणाले असते, बघा, खरंच होतं."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकल भिंतीला लावली. मी तिच्या हातातलं कापड काढून घेतलं.

"आई, गुरुवारी दोन नंबरची परीक्षा आहे. किती वेळ थांबवायचीस ते सांग. अंदाजे नको, नेमकं."

"घड्याळ कुठं होतं मला? माझ्या ओव्या होत्या."

"ओव्या?"

"हाताखाली नवी मुलगी आलेली. काही लक्षात राहायचं नाही तिच्या, नुसती रडायची. मग मी जुळवून दिल्या." आईनं मान जराशी तिरकी केली, हेडफोनचा भार अजून असल्यासारखी, आणि गुणगुणली:

लगदा मागतो वाफ, रीळ चढे त्याच घडी
लगद्याशी गोड बोल, लाव बोलण्याची लडी

ओला कागद नाजूक, जशी साय दुधावर
वाफ सरली क्षणात, फाटे एका श्वासावर

"या दोन्ही मनात तीनदा म्हणायच्या. घाई नाही, जात्याच्या चालीवर. तिसऱ्यांदा संपल्या की लगद्याला जोडायचं."

मी मोबाइलवर तिन्ही खेपांची वेळ लावली. अठ्ठेचाळीस सेकंद. पुन्हा म्हणायला लावल्या. सत्तेचाळीस. तिसऱ्यांदा परत अठ्ठेचाळीस. आमच्याकडं याहून बेभरवशाची मोजमापं महागड्या डब्यांतून येतात.

"आणखी आहेत?"

"असतील की चौदा-पंधरा. ही बॉयलरची.

भट्टीदादा बोले कमी, हूं म्हणाला तर होय
गप्प राहिला की जाण, ओल्या कोळशाचं भय."

माझ्या आराखड्यात बॉयलरकडून उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं धरलं होतं. एकाही बैठकीत कुणी बोट ठेवलं नव्हतं त्यावर. गप्प राहणं म्हणजे नकार, हे माझ्या आईनं एका रडक्या मुलीला आठ-आठ अक्षरांत शिकवलं होतं.

मी भराभर लिहून घेत होते. आई रंगात आली. पाय वर घेऊन बसली.

"ही घे, गेटची.

गेटवरची ती घंटा, आधी मोज तीन वेळा
दोनच वाजली जर, मांजरीचा आहे चाळा."

"ही कशाला?"

"गेटवर मांजर होती ना. फोनची दोरी ओढायची मेली. ही नको लिहूस."

तीही लिहिली मी.

उठताना आईनं माझा हात धरला. "वापर हवं तर. पण माझं नाव घालू नकोस त्यात. पुन्हा म्हणतील, बघा, आईनं बापाच्या मशीनला दिली तशी लेकीनंही दिली."

बुधवारी मी आराखड्यात बेचाळिसावा चौकोन काढला. बॉयलरच्या आधी, लगदाघर आणि मशीन यांच्या मधे. दोघांच्या रेघा तोडून त्यात आणल्या, आणि तिथून एक रेघ पुढं. रीळ बदलायचा इशारा मशीनकडून आला, की त्या चौकोनानं लगदाघराची मागणी अठ्ठेचाळीस सेकंद धरून ठेवायची. बॉयलर गप्प असला तर कुणालाच द्यायची नाही. संगणकावर पुन्हा महिना चालवला. एकोणीसचे दोन झाले.

चीफनं पेन्सिल कानामागून काढली. "मॅडम, सुरेख. पण प्रत्येक नियमापुढं उगम लिहावा लागतो. कुठल्या कागदपत्रातून घेतला हा?"

"कागदपत्रातून नाही घेतला."

"मग अठ्ठेचाळीस काय आकाशातून पडले?"

नाव घालायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण चीफ जुना माणूस, त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि हलकेच म्हणाला, "बोर्डवाल्या बाई?" मी मान डोलावली. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. "मी नवा होतो तेव्हा. फोन उचलला की त्या आधी विचारायच्या, जेवलास का. मग कुठं जोडू." वळून म्हणाला, "उद्या आणा त्यांना. साहेबांनी काही विचारलं तर सांगायला कुणीतरी हवं ना खरं माणूस."

आई येणार नाही अशी माझी खात्री होती. गुरुवारी सकाळी ती ठेवणीतले कपडे घालून दारात उभी होती. "चल. दोन नंबर जाणार असेल तर मला बघायचंय कसं जातं ते."

कंट्रोल रूममध्ये आम्ही सहा-सात जण होतो. पडद्यांची भिंत, थंड हवा, आईच्या खांद्यावर माझी शाल. तिला कोपऱ्यातल्या टेबलाशी खुर्ची दिली. चष्मेवाल्या साहेबांनी तिला नमस्कार केला, कुणाची कोण हे न विचारता.

पहिलं रीळ सुटलं, दुसरं पकडलं. कागद टिकला. दाबाची रेघ जराही हलली नाही. दुसऱ्या वेळीही लगदाघराकडून मागणी आली नाही. तिसऱ्या वेळी आली, अगदी रीळ बदलायच्या तोंडावर. बेचाळिसाव्या चौकोनानं ती धरली. पडद्यावर आकडे उतरायला लागले, अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस.

आणि टेबलावरचा फोन खणखणला.

लगदाघराचा होता हे पडद्यावर दिसत होतंच. तिथं सध्या दाजी असतात. जुन्या मुकादमांची मुलगी त्यांना दिलेली, म्हणून सगळं लगदाघर त्यांना दाजी म्हणतं. भांडं भरून ते वाफेची वाट बघत होते आणि झडप उघडत नव्हती. हातानं उघडायचं चाक त्यांच्या हातभर अंतरावर होतं. त्यांनी ते फिरवलं असतं, तर कागद गेला असता, दोन नंबर गेलं असतं. आणि त्या क्षणी मला माझी चूक कळली. मी आईचा नियम जसाच्या तसा उचलला होता, तिच्या चुकीसकट. लगदाघराला थांबवलं होतं. का थांबवलं, ते सांगितलंच नव्हतं.

मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. फोनपाशी आई. तिचा हात मनाला न विचारता पुढं गेला.

"बोला."

फोनमधून दाजींचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. "अहो वाफ कुठंय? का अडवलीय? मी चाक फिरवतो इथून!"

आईनं डोळे मिटले. मला दिसलं, तिच्या ओठांवर ते जुने दोन शब्द आले आणि तिथंच थबकले. बावीस वर्षांची सवय, अशी एका घोटात गिळायची म्हणजे काय.

"लाइन मोकळी आहे," ती म्हणाली. "वाफ मी थांबवलीय. दोन नंबरवर रीळ बदलतायत, आत्ता दिली तर कागद फाटेल. अर्धं मिनिट. मग पहिली वाफ तुमची."

पडद्यावर एकवीस, वीस.

"हे आधी सांगायचं ना!" दाजी म्हणाले. "मला वाटलं यंत्र बिघडलं. थांबतो की. वाफ काय पळून चाललीय?" मग जरा दबकत, "कोण बोलतंय? बोर्डवाल्या मावशी?"

"हो."

"अहो, आमचे सासरे अजून म्हणतात, त्या बाई मला बिझी सांगायच्या आणि नवऱ्याला वाफ द्यायच्या!"

आई ताठ बसली.

"खरंय. बिझी खोटं सांगायची. आणि एक नंबर रीळ बदलत असलं तरी तेच सांगायची. त्यावर कुणाचा नवरा होता ते विचारा त्यांना."

दाजी खो खो हसले. "एक नंबरवर तर त्यांचाच धाकटा भाऊ होता! आज घरी जाऊन सांगतो. ऐकू कमी येतं त्यांना, ओरडून सांगतो. गल्लीला कळू दे."

तीन, दोन, एक. झडप उघडली. पडद्यावर दाबाची रेघ जराशी वाकली, मग सावरली. मशीनवरून निरोप आला, कागद नव्या रिळावर चढला.

आईनं फोन जागेवर ठेवला, नीट, आवाज न करता. मी जवळ गेले तर म्हणाली, "आधी बॉयलरकडं बघ. चौथं व्हायचंय अजून." चौथ्या वेळी मी स्वतः लगदाघराला आधी फोन करून सांगितलं. दाजी म्हणाले, "तुम्ही नका, मावशींना द्या."

चौथं रीळही टिकलं. साहेबांनी चष्मा पुसला. "ठीक. दोन नंबर राहू दे," एवढंच म्हणाले आणि आराखड्यावर सही केली. सहीआधी मी त्यात एक रेघ वाढवली, बेचाळिसाव्या चौकोनातून उलटी लगदाघराकडं जाणारी. तिच्यावर लिहिलं, 'थांबवण्याचं कारण कळवावं.' उगमाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मी आईकडं पाहिलं.

"लिही," ती म्हणाली. "पण बोर्डवाल्या बाई असं लिही. इथं मला त्याच नावानं ओळखतात."

बाहेर पडताना तिनं माझं मनगट धरलं. "मला ते दाखव."

"काय?"

"दोन नंबर. बावीस वर्षं त्याला फोन जोडले. बघितलं कधी नाही. खुर्ची सोडून जाणार कशी?"

मी थक्क झाले. मला कधी सुचलंच नव्हतं. तिच्यासाठी ते एक भोक होतं, वरून तिसऱ्या ओळीतलं.

आम्ही हॉलमध्ये शिरलो. गरम, दमट हवा तोंडावर आली. दोन नंबर समोर पसरलं होतं, या टोकाला पाण्यासारखा पातळ लगदा आणि दुसऱ्या टोकाला, दिसेल न दिसेल इतकं लांब, पांढरं रीळ. आई दारातच उभी राहिली. "अगंबाई, एवढं?" ती माझ्या कानाशी ओरडली. "मला वाटलं पलंगाएवढं असेल!"

"हे कुठं उभे राहायचे?" तिनं तिथल्या माणसाला विचारलं.

"एका जागी नाही मावशी," तो म्हणाला. "या टोकाकडून त्या टोकाला. कागदाबरोबर चालत राहायचं."

तर आईही निघाली. गुडघ्यावर एक हात, दुसरा कठड्यावर, रुळांच्या ओळीशेजारून. कागद तिच्या बाजूनं झरझर पुढं पळत होता आणि ती आपल्या चालीनं मागून. अर्ध्या वाटेवर ती दम खायला थांबली, वळून मागं पाहिलं, मग पुढं किती उरलंय ते पाहिलं.

"किती खेपा व्हायच्या गं त्यांच्या दिवसाला?"

"शंभर तरी."

"आणि घरी येऊन मला म्हणायचे, तुझं बरंय, बसून काम." कपाळावरचा घाम तिनं मनगटानं पुसला. "पाय चेपायला सांगितले नाहीत कधी. वेडा माणूस."

आणि ती पुन्हा चालायला लागली.